ऑर्व्ह झास्ट्रोच्या दोन केसेस

आर्लिस टेशने आयुष्यभर चीजवर संशय घेतला आणि त्याबद्दल तिला पगार मिळत होता. हेमलॉक काउंटीतल्या चीजच्या कारखान्यात ती तपासनीस होती. गुळगुळीत, पिवळाधमक, देखणा ठोकळा समोर आला की आर्लिस त्याच्या पोटात पोकळ सळई खुपसायची, आतला लांबट तुकडा बाहेर काढायची, दोन बोटांत चुरायची, नाकाशी न्यायची आणि ठोकळ्याकडे अशा नजरेने बघायची की त्यालाच अपराधी वाटावं. ती निवृत्त झाली तेव्हा कारखान्याने तीच सळई चांदीचा मुलामा देऊन तिला भेट दिली. सळई दिवाणखान्याच्या भिंतीवर गेली. सवय मात्र आर्लिसकडेच राहिली. फरक एवढाच झाला की आता समोर चीजऐवजी माणसं होती.

आणि आमच्या विस्कॉन्सिनात माणसांच्या पोटात सळई खुपसायची सोय सरकारनेच करून ठेवली आहे. राज्यातल्या सगळ्या काउंटी, म्हणजे जिल्हा कोर्टांच्या नोंदी इंटरनेटवर फुकट बघता येतात. नाव टाका, काउंटी निवडा, बटण दाबा. कुणी गाडी सुसाट हाकली, कुणी परवान्यावाचून हरीण मारलं, कुणी घरभाडं बुडवलं, कुणाचा घटस्फोट कितव्यांदा झाला आणि कोण दारू पिऊन गाडी चालवताना सापडलं, सगळे निमूटपणे रांगेत उभे. न्याय उघड्यावर व्हावा असा मूळ हेतू. न्यायाचं काय होतं ते न्यायाधीशांना ठाऊक; करमणूक मात्र भरपूर उघड्यावर होते. चर्चमध्ये नवा पाद्री आला की त्याचं पहिलं प्रवचन ऐकण्याआधी लोक त्याचं नाव टाकून बघतात. मुलीने मित्राला जेवायला आणलं, की तो दारात बर्फाचे बूट काढत असतो तेवढ्यात मुलीची आई गोड आवाजात विचारते, "वाढदिवस कधी असतो रे तुझा?" त्या बिचाऱ्याला वाटतं, केक मिळणार; आईला हवी असते नोंद शोधण्यापुरती जन्मतारीख. याला आमच्याकडे कुणी चोंबडेपणा म्हणत नाही. याला 'जरा बघून घेणं' म्हणतात.

आर्लिस सगळ्यांना बघून घ्यायची. छप्पर दुरुस्त करणारा, चर्चचा ऑर्गन वाजवणारा, अंडीवाली, कुणी सुटलं नाही. गुडघा बदलणाऱ्या डॉक्टरला तर तिने भूल चढता चढता विचारलं होतं, "ती वेगाने गाडी चालवल्याची केस शाळेजवळची होती का हो?" डॉक्टरांचं उत्तर ऐकायच्या आत तिला झोप लागली आणि ते उत्तर राहून गेलं याची हळहळ तिला गुडघ्याच्या दुखण्यापेक्षा जास्त दिवस पुरली.

तिची धाकटी बहीण लाव्हॉन अगदी उलट्या मातीची. फोनवर कुणी "अभिनंदन!" म्हणालं की पुढचं न ऐकता ती "थँक्यू, थँक्यू" म्हणून मोकळी व्हायची. दोघींचे नवरे गेले, मुलं दूरच्या राज्यांत पांगली, तेव्हा लाव्हॉन आर्लिसच्या घरी राहायला आली. "तुला एकटीला सोडलं तर कुणीतरी तुला तुझंच घर विकेल," आर्लिस म्हणाली होती. खरी गोष्ट अशी की आर्लिसला घर फार शांत वाटायला लागलं होतं. लाव्हॉन भांडी घासताना गुणगुणायची. आर्लिस म्हणायची, "सूर चुकतोय." लाव्हॉन म्हणायची, "मला माहितीये," आणि गुणगुणत राहायची. अशी वर्षं चालली होती आणि ती चालत राहावीत यापलीकडे आर्लिसचं जगाकडे काही मागणं नव्हतं.

शुक्रवारी दोघी मासे खायला हाल्व्हरसनच्या सपर क्लबात जायच्या. शुक्रवारी सगळी काउंटीच तिथे असते. टेबल मिळेपर्यंत बारपाशी तासभर उभं राहायचं, ब्रँडी ओल्ड फॅशन्ड नावाचं गोडसर कॉकटेल प्यायचं, हवामानाला आणि पॅकर्स या आमच्या फुटबॉल संघाच्या खेळाला नावं ठेवायची, मग नंबर आला की तळलेला पर्च मासा, बटाट्याचे घावन आणि राय ब्रेडवर तुटून पडायचं. त्या बारपाशीच लाव्हॉनच्या कोपराला एका उंच, लाल कानांच्या माणसाचं कोपर लागलं. "माफ करा," तो म्हणाला. "छे, छे, माझंच लागलं," लाव्हॉन म्हणाली. आमच्याकडे प्रेमाची सुरुवात माफी मागण्याच्या चढाओढीने होते. तो माणूस म्हणजे ऑर्व्ह झास्ट्रो. शेजारच्या पिकरेल काउंटीतला, तळ्याकाठी घर असलेला, बायको गेलेला. वर्षानुवर्षं गोठ्यागोठ्यातून दूध उचलून टँकरने कारखान्यांना पोचवलेला.

आर्लिसने त्याच्या हातातला पेला पाहिला आणि आपला खाली ठेवला.

"तो जिंजर एल पीत होता," घरी येताना गाडीत ती म्हणाली.

"बरं आहे की."

"बरं कसलं, लाव्हॉन? शुक्रवारी, हाल्व्हरसनच्या बारपाशी, एक धडधाकट माणूस साधं, बिनदारूचं जिंजर एल पितो. चेरी घालून!"

"पीत नसेल गं तो."

"पीत नाही याचा अर्थ पीत होता."

या तर्काला हेमलॉक काउंटीत तोड नाही. आमच्याकडे पिणाऱ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही; न पिणाऱ्याकडे मात्र सगळे वळून वळून बघतात.

घरी आल्यावर आर्लिसने कोटही न काढता संगणक चालू केला. हेमलॉक काउंटी, झास्ट्रो, ऑर्व्हिल. कुत्र्याचा परवाना वेळेवर न काढल्याची एक नोंद निघाली. कुत्रा आमच्या काउंटीतल्या तळ्यावर मासेमारीला बरोबर आला होता म्हणे. आर्लिसचा विरस झाला. सवयीने तिने आपलीच काउंटी शोधली होती. वाईट माणसं हेमलॉकबाहेरही वाईटपणा करत असतील हे तिच्या डोक्यात आलंच नाही.

पुढे शुक्रवारमागून शुक्रवार गेले. ऑर्व्ह लाव्हॉनच्या शेजारी बसायला लागला, मग तिला घ्यायला यायला लागला, मग तळ्यावर बर्फ जाड झाल्यावर तिला आपल्या मासेमारीच्या खोपटात नेऊन बर्फाला पाडलेल्या भोकापाशी बसवायला लागला. लाव्हॉन तिथूनही गुणगुणत परत यायची. आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी, लापशीत मेपलचा पाक ओतता ओतता ती म्हणाली, "आर्लिस, तळं मोकळं झालं की आम्ही लग्न करतोय. मी त्याच्याकडे राहायला जाईन."

आर्लिसच्या हातातला चमचा तसाच राहिला. "त्याच्याबद्दल तुला काय माहितीये?"

"सगळं. पंधरा वर्षांपूर्वी तो पिऊन गाडी चालवताना सापडला होता. लायसन गेलं, टँकरची नोकरी गेली. तेव्हापासून थेंबाला शिवला नाही. पहिल्याच महिन्यात त्याने आपणहून सांगितलं मला. एकदाच झालं, म्हणाला."

"एकदाच असं कितीदा म्हणाला?"

"आर्लिस!"

"विचारलं फक्त."

लाव्हॉन चर्चच्या गोधडी-मंडळाला निघून गेली. आर्लिसने आता पिकरेल काउंटी निवडली. पडद्यावर दोन ओळी आल्या.

दोन.

पहिली ओळ जानेवारीतली: नशेत गाडी चालवणे, दोषी. दुसरी त्याच वर्षी मार्चमधली: रक्तात मर्यादेपेक्षा जास्त दारू असताना गाडी चालवणे. आणि तिच्यासमोर लिहिलेलं होतं, 'रद्द, सरकारी वकिलाच्या विनंतीवरून.'

आर्लिस खुर्चीत मागे टेकली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंद म्हणणं बरं नाही. पण कुजकं चीज पहिल्याच भोकात सापडल्यावर कारखान्यातही ती अशीच दिसायची. जानेवारीत सापडला, दोन महिनेही दम निघाला नाही, मार्चमध्ये पुन्हा सापडला. आणि दुसरी केस गायब! आपोआप? सरकारी वकिलाच्या विनंतीवरून! सरकारी वकील उगाच कशाला विनंती करेल? दुपारपर्यंत तिने आणखी थोडं खणलं आणि त्या काळच्या सरकारी वकिलाची उन्हाळ्यातली झोपडी ऑर्व्हच्याच तळ्याकाठी होती हे शोधून काढलं. एका तळ्यातले मासे खाणारी दोन माणसं. आता अजून काय पुरावा हवा?

त्या ओळींवर बोट ठेवून आतलं पान उघडता येतं, हे आर्लिसला माहीत होतं. तिने उघडलं नाही. कुणीच उघडत नाही. हेमलॉक काउंटीत लोक यादी वाचतात: नाव, गुन्हा, बाजूची तारीख. तेवढ्यावर सबंध काउंटीची मतं बनतात, लग्नं जुळतात आणि मोडतात. आतली पानं वकिलांसाठी असतात, अशी समजूत आहे.

लाव्हॉन परत आली तेव्हा यादी छापून टेबलावर ठेवलेली होती. तिने चष्मा लावून ती वाचली. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचली.

"तो एकदाच म्हणाला होता," ती हळूच म्हणाली.

"म्हणूनच मी विचारलं, कितीदा म्हणाला."

लाव्हॉनने भिंतीवरचा फोन उचलला. आर्लिस भांडी पुसायचं सोंग करत कोपऱ्यात उभी राहिली. पलीकडचा ऑर्व्हचा आवाज मोठा होता. वर्षानुवर्षं टँकरच्या इंजिनावरून बोललेला माणूस.

"ऑर्व्ह, तू कितीदा सापडला होतास?"

"एकदा. सांगितलं ना तुला."

"कोर्टाच्या यादीत दोन आहेत. जानेवारीत एक, मार्चमध्ये एक."

मग तो म्हणाला, "दोन? मला त्यातलं काही कळत नाही, लाव्हॉन. मी कोर्टात गेलो, चुकलं म्हणालो, दंड भरला. त्यांनी काय काय लिहिलं ते मी वाचत बसलो नाही. मी एकदाच सापडलो."

"मग हे दुसरं काय आहे?"

"मला माहीत नाही."

लाव्हॉनने फोन ठेवला. रागाने आपटला असता तर आर्लिसला बरं वाटलं असतं. तिने तो झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा ठेवला.

त्यानंतर घरात सगळं आर्लिसला हवं तसं झालं आणि काहीच बरं वाटेना. लाव्हॉन कुठे गेली नाही. ती संध्याकाळी समोर बसून चित्राचे तुकडे जुळवायची, भांडी घासायची, पण तोंडातून सूर निघत नव्हता. शुक्रवारी म्हणाली, "मला मासा नको." विस्कॉन्सिनात ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासाच्या दिवसांत शुक्रवारी कुणी असं म्हणालं की शेजारी डॉक्टरांना फोन करतात. एकदा आर्लिसनेच म्हणून पाहिलं, "सूर चुकला तरी चालेल हं." लाव्हॉनने चित्राचा आणखी एक तुकडा जागेवर बसवला.

मग एका सकाळी ती म्हणाली, "आर्लिस, एवढं एक करशील? त्या दुसऱ्या वेळी त्याने कुणाला धडक दिली होती का, कुणाला लागलं होतं का, तेवढं बघशील? तो लपवतोय ते म्हणून तर नसेल ना? मला रात्रीची झोप येत नाही."

आर्लिसला काय, निमित्तच हवं होतं. तिने डोक्यावर लोकरी टोपी चढवली आणि गाडी पिकरेल काउंटीच्या कोर्टाकडे हाणली.

दारातल्या पहारेकऱ्याने तिची पर्स उलटी केली. "त्या पेपरमिंटच्या गोळ्या मोजून ठेवल्यात मी," तिने त्याला बजावलं. खिडकीमागे ट्रूडी नावाची, गळ्यात साखळीचा चष्मा अडकवलेली कारकून बसली होती. आर्लिसने दोन्ही केसेसचे नंबर लिहिलेला कागद आत सरकवला. ट्रूडी आत गेली आणि दोन पातळ फायली घेऊन आली.

"इथेच बसून वाचायच्या, मॅडम. आणि आधीच सांगते, मी कायद्याचा सल्ला देऊ शकत नाही."

"सल्ला कुणी मागितलाय? मला फक्त मार्चमध्ये काय झालं ते हवंय."

आर्लिस खिडकीशेजारच्या बाकावर बसली. तिच्या शेजारी शिकाऱ्याची टोपी घातलेला, पोट सुटलेला एक गडी आपला नंबर यायची वाट बघत बसला होता. आर्लिसने फाईल त्याच्यापासून वाकडी धरली आणि मार्चवाली उघडली. तिने आधी धडक शोधली. धडक नव्हती. गाडी रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात रुतून बसलेली होती आणि चालक आत बसून मदतीची वाट बघत होता, एवढंच. मग तिने गुन्ह्याच्या रकान्यातली तारीख पाहिली. जानेवारीची होती.

तिने जानेवारीची फाईल उघडली. तीच तारीख. तोच रस्ता. तोच शेरीफचा माणूस. तोच बर्फाचा ढीग.

ती तडक खिडकीशी गेली. "यात तारीख चुकलीय. हे मार्चचं आहे आणि तुम्ही जानेवारी लिहिलंय."

"ती गुन्ह्याची तारीख आहे, मॅडम. मार्च ही कागद कोर्टात दाखल झाल्याची तारीख."

"मग जानेवारीच्या गुन्ह्याचा कागद मार्चमध्ये कसा आला? चालत आला का?"

"मी दाखवू शकते. समजावू शकत नाही," ट्रूडी म्हणाली, पण मान किंचित बाकाकडे वळवून.

बाकावरच्या गड्याला तेवढंच पुरे होतं. "बाई, दोन असतातच," तो म्हणाला.

"तुम्ही माझी फाईल वाचलीत?"

"वाचायची काय गरज? मला तोंडपाठ आहे. माझ्या चार आहेत. म्हणजे दोनदा सापडलो, प्रत्येक वेळी दोन." त्याने चार बोटं दाखवली, जणू नातवंडं मोजत होता. "पहिला कागद पोलीस जागेवरच हातात देतो. पिऊन गाडी चालवली म्हणून. मग रक्त काढतात. ते सरकारी प्रयोगशाळेत जातं. तिथे ही मोठी रांग! आपण एकटेच थोडे पितो? दीड-दोन महिन्यांनी आकडा येतो, की दुसरा कागद. रक्तात एवढी दारू घेऊन गाडी चालवली म्हणून. फेरी तीच, बर्फ तोच, मूर्ख तोच."

"एका गोष्टीबद्दल दोन गुन्हे?"

"दोन लावतात, शिक्षा एकाचीच देतात. कायदाच तसा आहे. म्हणून एक केस लागते आणि दुसरी रद्द होते. सगळ्यांची होते."

आर्लिसने डोळे बारीक केले. "आणि ती रद्द होते ती कुणाच्या ओळखीने?"

गड्याने टोपी मागे सारून तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "बाई, ओळख असती तर पहिली रद्द झाली नसती का?"

मग शेवटचा प्रयत्न म्हणून तिने विचारलं, "तुम्ही ऑर्व्ह झास्ट्रोला ओळखता?"

"दूधवाला ऑर्व्ह? त्याला कोण ओळखत नाही? लायसन गेलं तेव्हा गवत कापायच्या ट्रॅक्टरवर बसून चर्चला यायचा, डोक्यावर हेल्मेट घालून. आम्ही सगळे हसायचो. तो पण हसायचा. मी त्याला म्हटलं, अरे, मागे ट्रॉली लाव, मला पण ने."

"नातेवाईक आहात का त्याचे?"

"नाही हो. माझंही लायसन नव्हतं तेव्हा."

परतीच्या वाटेवर आर्लिसने जमेल तेवढा संशय घेऊन पाहिला. कारकून जरा जास्तच नम्र होती. टोपीवाला नेमका तिथेच का बसला होता? शेरीफच्या माणसाने ऑर्व्हला वाचवायला मुद्दाम जुनी तारीख घातली नसेल कशावरून? प्रत्येक संशय तिने हातात घेतला, दाबून पाहिला आणि प्रत्येक भुसभुशीत निघाला. ऑर्व्ह एकदाच सापडला होता. त्याने एकदाच सांगितलं होतं. खोटं कुणी बोललंच असेल तर ते आर्लिसच्या टेबलावर छापून ठेवलेल्या कागदाने, आणि कागदही बिचारा खोटा नव्हता.

आणि हे लाव्हॉनला सांगेल असं जगात तिच्याखेरीज कुणी नव्हतं. ट्रूडी समजावू शकत नव्हती. ऑर्व्हला स्वतःलाच कळलेलं नव्हतं. आर्लिस गप्प बसली तर लाव्हॉन घरात राहणार होती, तिच्या समोरच्या खुर्चीत, मरेपर्यंत.

लाव्हॉन दारातच उभी होती. "कुणाला लागलं होतं का?"

"नाही," आर्लिस म्हणाली. "कुणाला लागलं नव्हतं."

"बरं झालं," लाव्हॉन म्हणाली आणि आत वळली. तिने पुढे काही विचारलं नाही. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं होतं. आर्लिस एकही शब्द खोटं न बोलता सुटली होती. तिने कोट खुंटीला लावला, हात धुतले, जेवायला बसली. लाव्हॉनने ओव्हनमधून खिम्यावर बटाट्याचे गोळे लावून भाजलेला पदार्थ काढला, तो आर्लिसचा आवडता. तिच्या ताटात मोठा डाव घातला, स्वतःच्या ताटात उगाच दाखवण्यापुरता. आर्लिसने एक घास तोंडात घातला आणि काटा खाली ठेवला.

कारखान्यात तिच्यावर पुष्कळ आरोप झाले होते. पण चांगल्या ठोकळ्यावर वाईटाचा शिक्का मारल्याचा आरोप कुणी केला नव्हता.

"एकच फेरी होती ती," ती ताटाकडे बघत म्हणाली.

"काय?"

"जानेवारीची आणि मार्चची. एकच. रक्ताचा आकडा उशिरा येतो म्हणून दुसरा कागद उशिरा लागतो. आणि एक आपोआप रद्द होतो. सगळ्यांचाच होतो. तो एकदाच सापडला होता."

लाव्हॉनने डाव खाली ठेवला. "ते त्या यादीत कुठे लिहिलं होतं?"

"यादीत नव्हतं. आतल्या पानावर होतं."

"तू आतलं पान उघडलं नव्हतंस?"

"कोण उघडतं, लाव्हॉन?"

"तू चीजला भोक पाडल्याशिवाय सोडलं नाहीस जन्मभर. आणि माणसाचं नुसतं वेष्टन वाचलंस?"

आर्लिसने ताटातला बटाट्याचा गोळा काट्याने चिरडला.

"मी त्याला खोटारडा म्हटलं," लाव्हॉन म्हणाली.

"तू कुठे म्हटलंस? तू फक्त फोन ठेवलास."

"तेच ते." तिने डोळे पुसले आणि मग आर्लिसने कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाली, "हे तू त्याला सांगायचं. फोनवर नाही. तोंडावर."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. आर्लिस तळ्यावर पोचली तेव्हा ऑर्व्ह आपलं खोपटं बर्फावरून ओढून काढायच्या खटपटीत होता. मार्चमध्ये ठरलेल्या तारखेच्या आत खोपटी तळ्यावरून काढावी लागतात, नाहीतर दंड आणि पुन्हा यादीत नाव. खोपट्याचे पाय बर्फात गोठले होते आणि तो कुदळीने ते मोकळे करत होता. त्याने तिला बघितलं, पण कुदळ थांबवली नाही.

"सकाळी अकरालाच प्यायलोय का, ते बघायला आलात?"

"नाही." आर्लिसने किनाऱ्यावरून एक पाऊल बर्फावर ठेवलं. बर्फ कुरकुरला. "हा धरेल का?"

"मला धरतोय. तुमचं माहीत नाही."

ती तिथेच उभी राहिली आणि सगळं सांगितलं: रक्त, प्रयोगशाळा, दोन कागद, एक फेरी. बोलताना तिने स्वतःला कुठे झाकलं नाही. यादी वाचणारी मी, पान न उघडणारी मी, लाव्हॉनसमोर ठेवणारीही मीच. ऑर्व्हने आता कुदळ टेकवली होती.

"असं आहे होय ते," तो म्हणाला. "लाव्हॉनच्या फोनपासून मला वाटत होतं, त्यांचा हिशेबच चुकलाय. पण तक्रार कुठल्या तोंडाने करणार? चूक तर केलीच होती." मग म्हणाला, "मी पण तुम्हाला बघून घेतलं होतं. पहिल्याच शुक्रवारी."

"मला?" आर्लिस ताठ झाली. "काय मिळालं?"

"काहीच नाही. एक नोंद नाही. कुत्रं नाही, वेग नाही, काही नाही. म्हणून तर घाबरलो. म्हटलं, या बाईपासून जपून राहायला हवं."

आर्लिसला हसू आलं ते तिने नाकातल्या नाकात दाबलं.

"तुम्हाला ती घरात हवी आहे," ऑर्व्ह एकदम म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

"हवी आहे."

"मग गप्प का नाही बसलात?"

"ती गुणगुणत नाही," आर्लिस म्हणाली. यापेक्षा चांगलं कारण तिला सापडलं नाही. "आज पाचला आम्ही हाल्व्हरसनकडे असू. पुढचं तुमचं तुम्ही बघा. आणि तो उजवा पाय अजून गोठलेला आहे, असा ओढलात तर मोडेल."

त्याने ओढला. मोडला. आर्लिस मागे न बघता गाडीकडे गेली.

संध्याकाळी हाल्व्हरसनकडे पाय ठेवायला जागा नव्हती. लाव्हॉन आली होती, पण मासा खायला नाही, दाराकडे बघायला. तरी त्या दिवशी टेबल नेमकं लवकर मिळालं, खिडकीपाशी. लाव्हॉनने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि ती बसणार तोच बाहेर पार्किंगमध्ये ऑर्व्हची गाडी येऊन उभी राहिली. तो उतरला, दाराकडे चार पावलं आला, थांबला, परत गाडीकडे वळला, पुन्हा दाराकडे फिरला. शिकारी दिसल्यावर हरीण करतं तसं. लाव्हॉन कोट न घेता बाहेर पळाली.

आर्लिसने खिडकीची काच बाहीने पुसली. बाहेर दोघं समोरासमोर उभी होती. लाव्हॉन बोलत होती. मग तो बोलत होता. एवढं काय बोलतोय? यात एवढं बोलण्यासारखं काय आहे? मग दोघं गाडीत जाऊन बसली. इंजिन चालू, दिवे बंद. दिवे कशाला बंद? पेट्रोल जाळून नुसतं बसायचं? मग लाव्हॉनचं डोकं मागे गेलं. ती हसत होती. आर्लिसची खात्री पटली की ते हसणं आपल्यावरच होतं, आणि त्याबद्दल तिची फारशी तक्रार नव्हती. ऑर्व्हने हात पुढे केला. लाव्हॉनने तो दोन्ही हातांत धरला. आर्लिसने नजर मेनूवर वळवली, जो तिला पाठ होता.

तिने पुन्हा बघितलं तेव्हा दिवे लागले होते आणि गाडी रस्त्याला लागत होती. तळ्याच्या दिशेने.

"तिघांचं जेवण ना?" वेट्रेसने पाण्याचे पेले ठेवत विचारलं. "बाकीचे येताहेत?"

"आत्ता तरी मी एकटीच आहे," आर्लिस म्हणाली. "पर्च आण. तेल ताजं आहे ना? तू आधी आत जाऊन विचारून ये. मी थांबते."

वेट्रेस गेली. समोरच्या खुर्चीवर लाव्हॉनचा कोट होता. इतक्या थंडीत ती कोटाशिवाय गेली होती, म्हणजे तो न्यायला तिला यावंच लागणार होतं. आज नाही तर उद्या. आर्लिसने कोट उचलून आपल्या मांडीवर घेतला, त्यावर पर्स ठेवली, पर्सवर दोन्ही हात ठेवले आणि आजूबाजूच्या टेबलांवरच्या एकेका माणसाकडे, कोट उचलण्याचा विचार कोण करतंय हे बघत, ती ताठ बसून राहिली.